वीस की पाच? पॉक्सोतील किमान शिक्षा आणि तापीकाठच्या एका खटल्याचा अभ्यास

पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम ६ खाली (गंभीर प्रवेशित लैंगिक हल्ला) दोष सिद्ध झाला की न्यायाधीशाला वीस वर्षांच्या खाली येता येत नाही. संसदेने २०१९ मध्ये हा आकडा दहावरून वीसवर नेला आणि तेव्हापासून वकिलांच्या बाररूममध्ये, पोलीस ठाण्यात आणि शिक्षकांच्या बैठकीत एकच वाद रंगतो: एवढी मोठी किमान शिक्षा मुलांना वाचवते, की आरोपीला सोडवते? हा वाद हवेत घालण्यापेक्षा एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासलेले बरे.

इथले प्रकरण कोणा एका मुलीचे नाही. पीडित बालकाची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे आणि ती पाळलीच पाहिजे. धुळे, नंदुरबार, जळगाव या पट्ट्यात ज्या तऱ्हेची प्रकरणे पुन्हा पुन्हा न्यायालयात येतात, त्यांचे धागे जोडून ही परिस्थिती उभी केली आहे. कलमे, कायद्याच्या तारखा आणि वरिष्ठ न्यायालयांचे निकाल मात्र जसेच्या तसे आहेत.

काय घडले

दिवाळी उरकली की खान्देशातून ऊसतोडीच्या टोळ्या दक्षिण गुजरातकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि कोयता नवरा-बायकोच्या जोडीने मोजला जातो, त्यामुळे आईला मागे राहता येत नाही. तापीकाठच्या एका गावातल्या अशाच जोडप्याने नववीतल्या मुलीला, तिची शाळा बुडू नये म्हणून, गावातच राहणाऱ्या मावशीकडे ठेवले. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात मावशीच्या नवऱ्याने तिच्यावर अनेकदा लैंगिक अत्याचार केला. फेब्रुवारीत तिने वर्गशिक्षिकेला सांगितले.

इथवर कायदा अगदी स्पष्ट आहे. आरोपी लग्नसंबंधाने नातेवाईक आहे, मूल त्याच्याच घरात राहते, म्हणून कलम ५(एन) लागते. कृत्य एकाहून अधिक वेळा झाले, म्हणून ५(एल) लागते. दोन्हींपैकी एक जरी सिद्ध झाले तरी कलम ६ आणि किमान वीस वर्षे सक्तमजुरी. वरची मर्यादा उरलेले सर्व नैसर्गिक आयुष्य तुरुंगात, किंवा मृत्युदंड. भारतीय न्याय संहितेचे कलम ६५(१) सुद्धा सोळा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराला वीस वर्षांचीच किमान शिक्षा सांगते. कागदावर या माणसाला सुटायला फट नाही.

प्रत्यक्षात त्याला कलम १० खाली, म्हणजे गंभीर स्वरूपाच्या लैंगिक हल्ल्यासाठी, पाच वर्षे झाली. मधली पंधरा वर्षे कुठे गेली, हे या अभ्यासात शोधायचे आहे.

पहिले तीन दिवस

शिक्षिकेने मुख्याध्यापकांना सांगितले. मुख्याध्यापकांनी मावशीला बोलावून घेतले आणि "आईवडील आले की बघू" असे ठरले. कलम १९ प्रमाणे ज्याला गुन्ह्याची माहिती मिळाली त्याने ती पोलिसांना कळवायचीच आहे. आधी खातरजमा करण्याची, घरच्यांना विचारण्याची किंवा संस्थाचालकांची परवानगी घेण्याची गरज नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. शिक्षिका स्वतःच फिर्यादी होऊ शकते. गुजरातमधल्या फडावरून आई येण्याची वाट कोणीच पाहायला नको होती.

त्या तीन दिवसांत मुलगी रोज संध्याकाळी त्याच घरी परतत होती. सगळ्या प्रकरणात यापेक्षा वाईट गोष्ट दुसरी नाही. वैद्यकीय तपासणीही लांबली. शेवटच्या घटनेनंतर साधारण चार दिवस उलटले की शरीरावरून जैविक नमुना मिळण्याची शक्यता फारच कमी होते, आणि इथे तर तीन आठवडे होऊन गेले होते. जखम नसणे म्हणजे अत्याचार नसणे नव्हे, हे न्यायालयांनी कितीदा सांगितले आहे. पण दुसरा पुरावा कच्चा असला की बचावाचा वकील कोऱ्या वैद्यकीय अहवालाचाच आधार घेतो.

जबाबातले एक वाक्य

गुन्हा नोंदवला गेला. महिला उपनिरीक्षकांनी साध्या वेशात जबाब घेतला, तो पोलीस ठाण्यात न घेता शिक्षिकेच्या घरी घेतला. इथपर्यंत सगळे कायद्याप्रमाणे झाले. मुलगी अहिराणीत बोलत होती आणि लिहिणारा कर्मचारी संगणकावर प्रमाण मराठीत उतरवत होता. तिने काय घडले ते तिच्या शब्दांत चार-पाच वाक्यांत सांगितले. छापून आले ते असे: "आरोपीने माझ्याशी वेळोवेळी जबरीने शारीरिक संबंध केले."

कलम २६(१) सांगते की बालकाचा जबाब ते बोलेल तसाच नोंदवायचा आणि २६(४) सांगते की शक्य तिथे ध्वनिचित्रमुद्रण करायचे. ही औपचारिकता नाही. कलम ३ मध्ये कोणते कृत्य 'प्रवेशित लैंगिक हल्ला' ठरते याची नेमकी व्याख्या आहे. कलम ७ मध्ये, जिथे शिक्षा तीन ते पाच वर्षांची आहे, वेगळी व्याख्या आहे. 'शारीरिक संबंध' हा शब्द दोन्हींत कुठेच बसत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नेमक्या याच कारणावरून आजन्म कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला सोडले: मुलीने वापरलेल्या 'शारीरिक संबंध' या शब्दावरून, दुसरा पुरावा नसताना, कलम ३ चे कृत्य गृहीत धरता येत नाही. वीस वर्षांचा खटला असो की पाचचा, त्याचा पाया या एका वाक्यात घातला जातो, आणि तो घालणारा माणूस बहुधा ठाण्यात बारनिशी (आवक-जावक) सांभाळून टायपिंगही करणारा शिपाई असतो.

दंडाधिकाऱ्यांसमोरचा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खालचा जबाब त्यामानाने चांगला झाला. पण तो जबाब साक्षीला दुजोरा द्यायला किंवा तिला खोडायला वापरता येतो. मुलगी न्यायालयात ते बोलली नाही, तर एकट्या त्या कागदावर शिक्षा टिकत नाही.

एक जून

शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीत मुलीची जन्मतारीख होती १ जून २०१०. खेड्यातल्या कोणत्याही शाळेची नोंदवही उघडली तर १ जूनला जन्मलेली मुले पानापानावर सापडतात, कारण प्रवेशाच्या वेळी जन्माचा कागद नसला की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकून मोकळे होत. आधार कार्डावर मात्र १ जानेवारी २००९ होती. ग्रामपंचायतीत नोंद नव्हती. जन्म बहुधा उसाच्या फडावर झाला असावा.

बचाव पक्षाने हीच गाठ धरली. आधारप्रमाणे मुलगी १ जानेवारी २०२५ ला सोळा वर्षांची झाली. म्हणजे काही घटना सोळाच्या आधीच्या, काही नंतरच्या. याने काय फरक पडतो? कलम ५(एन) आणि ५(एल) सिद्ध झाले तर काहीच नाही, अठरा वर्षांखालील कोणत्याही बालकासाठी वीसच. पण ते दोन्ही डळमळले आणि प्रकरण कलम ४ वर, म्हणजे साध्या प्रवेशित लैंगिक हल्ल्यावर आले, तर सोळाखाली किमान वीस आणि सोळा ते अठरामध्ये किमान दहा. एका काल्पनिक जन्मतारखेवर माणसाची दहा वर्षे टांगलेली असतात.

बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार या यादीत नाही. आधार जन्मतारखेचा पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात-भरपाईच्या प्रकरणातही स्पष्ट केले. पण शाळेचा कोणताही कागद चालतो असेही नाही. जुलै २०२३ च्या पी. युवाप्रकाश निकालात शाळा बदलल्याचा दाखला कलम ९४ ला पुरा पडत नाही, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. म्हणून तपास अधिकाऱ्याने पहिल्या वर्गात प्रवेश दिलेल्या शाळेची मूळ नोंदवही, प्रवेश अर्ज आणि ती नोंद कशाच्या आधारे झाली हे सांगणारा मुख्याध्यापक, तिन्ही न्यायालयात आणायचे असतात. या खटल्यात फक्त निर्गम उताऱ्याची सत्यप्रत लावली होती.

एकाच घरात राहत असल्याचा पुरावाही असाच सैल होता. मावशी म्हणाली, "पोर कधी आमच्याकडे, कधी आजीकडे." ही पळवाट बुजवणारा कागद शाळेतच पडून होता: प्रगतिपुस्तक. पहिल्या सत्रात पालकाच्या रकान्यात वडिलांचा अंगठा आहे आणि दिवाळीनंतर त्याच रकान्यात आरोपीची सही. हे प्रगतिपुस्तक दोषारोपपत्राला जोडलेच नव्हते. आशा कार्यकर्तीची नोंदवही आणि शेजारच्या दोन घरांचे जबाब यांचेही तेच.

वीस वर्षांचे ओझे कोणाच्या डोक्यावर

पोलिसांनी गुन्हा नोंदल्यापासून चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे असते. समिती मुलीला सुरक्षित जागी ठेवू शकते आणि २०२० च्या नियमांप्रमाणे साहाय्यक व्यक्ती नेमू शकते, जी तपासापासून निकालापर्यंत मुलीसोबत राहते. इथे समितीला पत्र गेले, पण साहाय्यक व्यक्ती नेमली गेली नाही. आई परत आली, मुलगी घरी गेली, आणि घर मावशीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

आरोपीला काही महिन्यांनी जामीन मिळाला. तालुक्यात पाऊल ठेवू नये अशी अट मागता आली असती, ती कोणी मागितली नाही. मग नातेवाइकांच्या बैठका सुरू झाल्या. मुलीला कोणी मारले नाही, धमकी दिली नाही. आजी एवढेच म्हणत राहिली: "पोरी, तू बोलनी ते तो वीस वरीस मजारच ऱ्हाई. तुनी मावशी अन् लेकरं कोठे जातीन?" (तू बोललीस तर तो वीस वर्षे आतच राहील. तुझी मावशी आणि लेकरे कुठे जातील?)

किमान शिक्षेला विरोध करणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे आणि तो नाकारता येत नाही. अशा गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा, अनेकदा घरातला असतो. शिक्षा जितकी मोठी, तितका कुटुंबाचा दाब मुलीवर मोठा. चौदा वर्षांच्या मुलीला वाटू लागते की मावशीचे घर आपल्या एका वाक्यावर उभे आहे.

तरीही या मुद्द्यावरून 'किमान शिक्षा काढा' या निष्कर्षावर उडी मारणे चूक आहे असे आमचे मत आहे. शिक्षा तीन वर्षांची असली तरी आजीने तेच म्हटले असते. १९९४ मध्ये जळगावचे वासनाकांड उघडकीस आले, तेव्हा पॉक्सो नव्हता, वीस वर्षे नव्हती. तरी मुली पुढे यायला धजत नव्हत्या. त्यांना अडवणारी भीती अब्रूची आणि आरोपींच्या वजनाची होती. मुलीवरचे ओझे शिक्षा कमी करून उतरत नाही. साहाय्यक व्यक्ती, वसतिगृहातली सुरक्षित जागा, आरोपीला तालुकाबंदी आणि लवकर साक्ष यांनी ते उतरते.

लवकर साक्ष म्हणजे किती लवकर? कलम ३५ सांगते, दखल घेतल्यापासून तीस दिवसांत बालकाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात निकाल. तपासालाही दोन महिन्यांची मुदत आहे. या मुलीची साक्ष अकरा महिन्यांनी झाली. अकरा महिन्यांचे ते दडपण चौदा वर्षांच्या पोरीने एकटीने सोसायचे होते.

सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना, ती म्हणाली की तो रात्री जवळ येऊन अंगाला हात लावायचा. "पुढे काय झाले?" "आठवत नाही." सरकारी वकिलांनी तिला फितूर जाहीर करून प्रश्न विचारायची परवानगी घेतली, पण हाती फार लागले नाही. कलम २९ आरोपीविरुद्ध, म्हणजे गुन्हा त्यानेच केला असे, गृहीतक धरायला सांगते खरे. मात्र मूळ घटना अभियोग पक्षाने आधी उभी केल्याशिवाय ते गृहीतक जागे होत नाही. न्यायाधीशांनी मुलीने जेवढे सांगितले तेवढे खरे मानले. तेवढ्यात कलम १० बसत होते, जिथे पाच ते सात वर्षे आहेत. पाच वर्षे दिली.

पाच आणि वीसच्या मध्ये काही नाही

वकिलांमध्ये यावर दोन तट पडले. एक म्हणतो, न्यायाधीशांनी पुराव्याप्रमाणे केले. दुसरा म्हणतो, कलम ६ मध्ये बारा-चौदा वर्षे द्यायची मुभा असती, तर त्यांनी वैद्यकीय अधिकाऱ्याला सांगितलेला इतिहास आणि १८३ चा जबाब यांचा दुजोरा जोडून कलम ६ खालीच दोषी ठरवले असते. वीसचा आकडा समोर दिसला की हात आखडतो.

हा केवळ तर्क नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा जानेवारी २०२१ चा निकाल सगळ्यांना आठवतो. बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात पॉक्सोच्या कलम ८ ची तीन वर्षांची किमान शिक्षा बाजूला ठेवून भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ ची एक वर्ष दिली गेली. कारण काय, तर त्वचेचा त्वचेशी संपर्क झाला नाही. शिक्षा कडक आहे म्हणून पुरावाही तितकाच कडक हवा, असे त्या निकालात स्पष्ट लिहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द करून तीन वर्षांची शिक्षा कायम केली. शिक्षेचा आकडा व्याख्येलाच कसा वाकवतो, याचे इतके उघड उदाहरण क्वचित सापडेल.

मग मुभा परत द्यावी का? ती होती तेव्हा काय झाले, हे बघू. १९८३ च्या दुरुस्तीने बलात्काराला सात आणि दहा वर्षांची किमान शिक्षा आणली, पण 'पुरेशी आणि विशेष कारणे' नोंदवून त्याखाली जायची वाटही ठेवली. आरोपी तरुण आहे, गरीब आहे, त्याचे लग्न झाले आहे, दोन्ही कुटुंबांत समेट झाला आहे, अशी कारणे त्या वाटेने येत राहिली. ऑगस्ट २०१३ मध्ये शिंभू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की समेट हे शिक्षा कमी करण्याचे कारण होऊ शकत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने संसदेने ती वाट बंद केली. आमच्या तापीकाठच्या प्रकरणात मुभा असती, तर मावशी आणि दोन लेकरे हेच विशेष कारण म्हणून पुढे आले असते, याबद्दल शंका नको. घरातल्या मोठ्या माणसाने विश्वासाने सोपवलेल्या मुलीवर केलेल्या अत्याचाराला किमान शिक्षा राहिलीच पाहिजे.

पण त्याच कलमाखाली त्याच न्यायालयात दुसरीही फाइल येते, आणि ती वेगळी आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे गाव, मुलगी सतरा वर्षांची, मुलगा वीसचा. दोघे घर सोडून एकत्र राहू लागली. घरच्यांनी मानले. बाळंतपणाला मुलगी सरकारी दवाखान्यात आली, वय नोंदले गेले, आणि कलम १९ मुळे डॉक्टरांना पोलिसांना कळवावेच लागले. गर्भधारणा झाल्यामुळे कलम ५(जे) चा दुसरा उपखंड लागतो, म्हणजे पुन्हा वीस वर्षे. मावशीचा नवरा आणि हा मुलगा कायद्याच्या एकाच तराजूत बसतात. फरक एवढाच की इथे मुलगी लपवत नाही, पुरावा बाळाच्या डीएनएमध्ये आहे, आणि म्हणून वीस वर्षे या मुलाला होण्याची शक्यता मावशीच्या नवऱ्यापेक्षा जास्त आहे. कायद्याचे याहून उलटे फळ कोणते?

पश्चिम बंगालमधल्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दोषसिद्धी पुन्हा कायम केली, आणि २३ मे २०२५ ला घटनेच्या अनुच्छेद १४२ चा (पूर्ण न्यायासाठी हवा तो आदेश देण्याचा) अधिकार वापरून शिक्षा मात्र दिली नाही. त्या वेळी मुलगी आरोपीसोबत संसार करत होती. तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. जिल्हा न्यायाधीशाकडे नाही, छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडेही नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या मुलीने नवऱ्याला सोडवायला दिल्लीपर्यंत जायचे का?

विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात यावर मध्यम मार्ग सुचवला: संमतीचे वय अठराच ठेवा, पण सोळा ते अठरा वयोगटात, मुलीची मूक का होईना संमती दिसत असेल, तर विशेष न्यायालयाला शिक्षा कमी करायची मार्गदर्शित मुभा द्या. ही मुभा देताना दोन कुंपणे पक्की हवीत. आरोपी नातेवाईक, शिक्षक, वसतिगृहाचा अधीक्षक, मुकादम किंवा मुलीवर कसलाही अधिकार असलेला असेल, तर मुभा नाही. आणि वयातले अंतर कायद्यात आकड्याने लिहिलेले हवे, न्यायाधीशाच्या अंदाजावर नको. पहिले कुंपण नसेल, तर मुभा सर्वात आधी मावशीच्या नवऱ्यासारखे लोक वापरतील.

आता या प्रकरणात काय उरले आहे

कच्च्या कैदेत काढलेले महिने पाच वर्षांतून वजा होतील. आरोपी सुटेल तेव्हा मुलगी जेमतेम विशीत असेल आणि गाव तेच असेल. म्हणून निकालावर थांबून चालणार नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ च्या परंतुकाप्रमाणे पीडितेला स्वतः अपील करता येते: आरोपी सुटला तर, त्याला कमी गंभीर गुन्ह्यासाठी दोषी धरले तर, किंवा भरपाई अपुरी मिळाली तर. इथे दुसरे कारण थेट लागू पडते. सरकार अपील करेल म्हणून वाट पाहायची नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याच्याकडे निकालाची प्रमाणित प्रत, १८३ चा जबाब, वैद्यकीय अहवालातला मुलीने सांगितलेला इतिहास आणि साक्षीची पूर्ण प्रत द्यायची. प्रगतिपुस्तक आणि शाळेची मूळ नोंदवही अपिलात अतिरिक्त पुरावा म्हणून दाखल करण्याची परवानगी मागता येते. ती मिळेलच असे नाही, तरी मागावी.

भरपाईचा अर्ज याच्याशी जोडू नये. कलम ३३(८) खाली विशेष न्यायालय भरपाई देऊ शकते, अंतरिम भरपाई तर खटला चालू असतानाही. राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे आणि तिचा अर्जही विधी सेवा प्राधिकरणाकडेच जातो. या मुलीसाठी कोणीच अर्ज केलेला नव्हता, कारण सगळ्यांचे लक्ष वीस वर्षांवर होते. पुढच्या दिवाळीला आईला पुन्हा मुकादमाची उचल घ्यावी लागू नये, एवढे तरी त्या पैशांतून होऊ शकते. आई गावात राहिली, तर मुलगी कोणाच्या घरी ठेवायची हा प्रश्नच येत नाही.